गावात एकानं खवल्या धरून पिंपात ठेवलाय, कळवलं तर माझं नाव फुटेल काय?

मलप्रभाकाठ · शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, नवीन आयडी काढून लिहितोय, का ते पुढं कळेलच. गावाचं नाव सांगत नाही, खानापूर तालुका, जांबोटीच्या वरच्या अंगाला, एवढं बस्स. मी बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत कामाला, सुगीसाठी चार दिवस रजा टाकून आलोय. भात कापून वाफ्यात पडलंय आणि आज दुपारपासनं आभाळ भरून आलं, तेवा आमची ताडपत्री, जी चुलतभावानं दसऱ्याला नेली ती अजून परत नाही, ती आणायला तिन्हीसांजेला त्याच्याकडं गेलो. तो घरात नव्हता, काकी म्हणाली गोठ्यात असेल बघ. गोठ्यात कोपऱ्याला निळं प्लास्टिकचं पिंप, तोंडावर फळी, फळीवर पाटा. आतनं खर्र खर्र आवाज. मला वाटलं घूस अडकली असेल.

फळी सारून मोबाईलची बॅटरी मारली तर तळाला खवल्या मांजर. सोललेल्या फणसाएवढं गोल होऊन बसलेलं, अंगावरची खवलं चिखलानं माखलेली, मध्ये मध्ये दोन-चार राठ केस, आणि उजेड पडला तसं सगळं गोल अंग एकदा फुगलं आणि फूऽऽ करून बसलं. पिंपाच्या आतनं वीतभर उंचीपर्यंत नखांनी खरवडून खरवडून पांढरं केलंय. एका पुढच्या पायाचं नख उपटलंय, तिथं रक्त वाळून काळं झालेलं. लहानपणी आजोबांकडनं खवल्याच्या गोष्टी ऐकलेल्या, खरं जिवंत बघितला तो आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो असा.

तेवढ्यात भाऊ आला. म्हणाला बघितलास व्हय, बघितलास तर बघितलास, कुणाला बोलू नको. परवा रात्री वरच्या रानात वारुळाजवळच्या बिळातनं खणून काढलाय, सोबत आणखी दोघं होते. सोमवारी चोर्ल्याकडनं पार्टी येणार म्हणे, आकडा लाखात सांगितलाय. मी म्हटलं अरे हे लई मोठं लचांड आहे, तर म्हणतो तुला पगार आहे, तू बोलू शकतोस.

आता हा माणूस कसा आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्ही इथं त्याला तासायला घ्याल. दोन एकर भात, त्यातलं निम्मं यंदा डुकरांनी लोळवलं. सोसायटीचं कर्ज आहे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेवा आठ रात्री दवाखान्यात हाच झोपला होता, मी नाही. मला तो तुरुंगात जायला नको आहे. खरं ते जनावरही मरायला नको आहे, आणि दोन्ही एकदम कसं जमवायचं ते डोक्यात येईना.

तर विचारायचं असं की कळवायचं कुणाला, कळवलं तर नाव बाहेर पडतं काय, आणि रात्री गुपचूप मीच पिंप उचलून रानात नेऊन सोडलं तर चालेल काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसलोय, उत्तराला वेळ लागेल.

खानापूरचा_पिंट्या · शनिवार, रात्री ११:५२

१९२६ लाव, आत्ताच्या आत्ता. फॉरेस्टची हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत. महाराष्ट्रातही हाच नंबर आहे आणि तुमच्या वरच्या अंगाला मोबाईल कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही, तेवा उचलल्या उचलल्या आधी कर्नाटक, बेळगावी जिल्हा, खानापूर तालुका एवढं सांगून टाक. पलीकडचा कन्नडमध्ये बोलेल, खवल्या म्हटलेलं त्याला कळणार नाही, "चिप्पु हंदी" म्हण.

आणि फोटो काढला असशील तर इथं टाकू नको रे बाबा.

मिरची_भाकरी · रविवार, रात्री १२:१०

झोप येईना म्हणून वाचत होतो. मी पण तालुक्यातलाच, ऊस आणि थोडं भात. राग मानू नका खरं एक बोलतो. खवल्या पिंपात बसला तर हेल्पलाईन आहे, जीप आहे, कोर्ट आहे. माझं भात डुकरांनी लोळवलं तेवा मी तीन हेलपाटे मारले एका ऑफिसात, पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा उताऱ्याची नक्कल जुनी आहे, तिसऱ्यांदा अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. लिहून देणाऱ्यानं दीडशे घेतले. रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवणारा माणूस जनावर म्हटलं की असाच बोलणार.

तरी पण ह्या भावाचं मला पटलं नाही. गवा असता, डुक्कर असतं तर मी समजलो असतो. खवल्या काय खातो हो? वाळवी आणि मुंग्या. शेतकऱ्याचा ह्या जनावरानं एक दाणा खाल्लेला नाही, उलट वाळवी खाऊन उपकारच करतो. डुकराचा राग खवल्यावर काढायचा म्हणजे सासूवरचा राग भांड्यावर काढल्यासारखं झालं.

जुना_वॉचर · रविवार, रात्री १२:४५

मलप्रभाकाठ, मी फॉरेस्टमध्ये रोजंदारीवर वॉचर म्हणून पंचवीस वर्षं काढली, आता घरी बसून आहे. टायपिंग जमत नाही, नातू लिहून देतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तू स्वतः पिंप उचलू नको. वाटेत कुणी अडवलं तर खवल्या तुझ्या गाडीवर आहे, तू धरलास की सोडायला निघालास हे कोण ऐकून घेणार? दुसरं म्हणजे उपटलेल्या नखाचा खवल्या नुसता सोडला तर जगत नाही, त्याला वारूळ फोडायला आणि बीळ खणायला तीच नखं लागतात. डॉक्टरनं बघितलं पाहिजे.

खवल्याचं नशीब असं वाईट की त्याचा जो बचाव तोच त्याच्या मुळावर आलाय. बिबट्या आला तरी गोल होऊन बसतो, बिबट्या उलटापालटा करतो, दात लागत नाही, कंटाळून जातो. खरं माणसाला काय, गोल झाला की आणखी बरं, उचलला आणि पोत्यात घातला. पळत नाही, चावत नाही, चावायला तोंडात दातच नाहीत. मादी साधारण वर्षाला एकच पिल्लू घालते आणि शेपटीच्या बुडावर बसवून हिंडते, त्यामुळं एक मादी खणून काढली की बऱ्याचदा दोन जातात. भाऊ म्हणतोय एकच होता, खरं बिळात परत कुणी बघितलं काय हे त्याला विचार.

पूर्वी शिमग्याच्या पारधीला माणसं हाकारा घालायची, वाघर म्हणजे जाळं लावायची, त्यात ससा, भेकर, डुक्कर जे मिळेल ते. खवल्या सापडला तर मटणाला जायचा, मुद्दाम कोण शोधत जात नव्हतं. आता मोबाईल आल्यापासनं मुद्दाम शोधतात. मटण कुणाला नको, खवलं पाहिजे. त्या खवल्यात काय आहे तर आपली नखं ज्याची तेच, दुसरं काही नाही. औषध म्हणून ती चीनकडं जायची, त्यांनी पण २०२० मध्ये आपल्या औषधांच्या सरकारी यादीतनं ती काढली, तरी चोरबाजार काय थांबलेला नाही.

ती सोमवारची पार्टी. मी माझ्या नोकरीत ज्या केसी बघितल्या त्यात खणून काढणाऱ्याच्या हातात कधी मोठा पैसा पडलेला बघितला नाही. लाखाचा आकडा फोनवर असतो, समोर आल्यावर वजन कमी आहे, खवलं बारीक आहे, असं म्हणून घासाघीस चालू. आणि बऱ्याच वेळा पार्टी म्हणजे पार्टीच नसते, फॉरेस्टची किंवा पोलिसांच्या फॉरेस्ट सेलची माणसं गिऱ्हाईक बनून आलेली असतात. तेवा तुझ्या भावाला जर वाटत असेल की तू गप्प बसलास तर तो वाचला, तर तसं काही नाही.

आज रात्रीपुरतं एवढं कर: काकीला सांगून फळीला चांगली फट ठेवायला लाव, आत ओलं पोतं टाक, अंधारात राहू दे. दूध अंडं काही घालू नका, ते खात नाही. ओढून सरळ करायला जाऊ नका. बंदिस्त ठेवला की हा प्राणी फार दिवस काढत नाही, जखमेपेक्षा भीतीनंच जास्त मरतो. मला मेसेज कर, गावाचं नाव इथं नको.

सनदवाला_बेळगाव · रविवार, सकाळी ७:१५

वॉचरकाकांनी बरोबर सांगितलंय, मी कायद्याचं तेवढं जोडतो.

खवल्या मांजर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघाच्या रांगेत. कलम ९ खाली शिकार बंद, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, धरणं आणि सापळा लावणंही येतं. त्यामुळं "आम्ही मारलं कुठं, जिवंत आहे" हा बचाव होत नाही. शिक्षा कलम ५१ प्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि १ एप्रिल २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाल्यावर दंड कमीत कमी २५ हजार. जिथं कमीत कमी तुरुंगवास ठरवून दिलाय तो गुन्हा दंड भरून साहेबाशी मिटवता येत नाही, कुणी तसं सांगून पैसे मागितले तर तो तुम्हाला फसवतोय. वापरलेली गाडी, फावडं, पिंप, सगळं जप्त होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडं. खबर देणाऱ्यानं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही आणि पंचनाम्यात खबऱ्याचं नाव लिहीत नाहीत, "खात्रीलायक माहितीवरून" असं लिहितात. तू पंच म्हणून सही करायला उभा राहिलास तर मात्र नाव येणारच, तेवा त्या वेळी तिथं घुटमळू नको.

एक वाट अशीही आहे. कलम ३९ मध्ये लिहिलंय की असं जनावर कुणाच्या ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा फॉरेस्ट अधिकाऱ्याकडं कळवून हवाली करायचं. भावानं खणून काढलंय त्यामुळं गुन्हा पुसला जात नाही हे स्पष्ट सांगतो, उगाच आशा लावत नाही. पण स्वतःहून नेऊन दिलेला माणूस आणि पार्टीशी सौदा करताना धरलेला माणूस, ह्यांच्याकडं कोर्ट एका नजरेनं बघत नाही. परवा रात्री म्हणजे गुरुवार धरला तर ते ४८ तासही काल रात्रीच भरले, आता जे करायचं ते आज दुपारच्या आत.

चोर्ला_घाट · रविवार, सकाळी ८:०५

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला, कणकुंबीत सासुरवाडी. २०२० च्या जानेवारीत आमच्याकडं गोळावलीला म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली ते आठवत असेल. मेलेल्या जनावरात विष कालवून ठेवलेलं. केलं कुणी? बाहेरच्या टोळीनं नाही, ज्याची गुरं वाघानं मारली त्यांच्याच घरातल्यांना धरलं. मागं २०२५ च्या जूनमध्ये तिकडं मलेमहादेश्वर डोंगरात वाघीण आणि चार बछडे गेले, तिथंही तेच, गाय मारली, गायीत विष.

आणि हे जंगल काय तीन राज्यांचं वेगवेगळं नाही. तुमचं भीमगड, आमची म्हादई, खाली महाराष्ट्रातली तिळारी, तिकडं दांडेलीचं काळी, सगळं एकाला एक लागून. वाघाला हद्द कळत नाही तशी ती तस्कराला बरोबर कळते, म्हणून तर माल इकडं धरायचा आणि सौदा घाट उतरून करायचा. इकडच्या गार्डला तिकडं पाठलाग करत यायचं म्हणजे आधी फोनाफोनी.

मिरची_भाकरी म्हणतात ते मला पटतं. नुकसानभरपाई वेळेत मिळाली असती तर गोळावलीला काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण निदान त्या घरात राग एवढा साचला नसता.

मास्तरीण · रविवार, सकाळी ८:३०

मी नंदगडच्या बाजूला शिकवते. वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना खवल्या माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे त्यांना तो "पैशाचा प्राणी" म्हणून माहीत आहे, मोबाईलवर कुणीतरी दाखवलेला. मांडुळाचं तेच, घोरपडीचं तेच. ती हातजोडी म्हणून जत्रेत दुर्मिळ मुळी विकतात ना, देव्हाऱ्यात ठेवली की बरकत येते म्हणून, ती मुळीबिळी काही नसते, नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो. हे सांगितल्यावर माझ्या शेजारणीनं देव्हाऱ्यातली काढून पदरानं हात पुसले, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चिपळूणला सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी डुगवे गावात उलटं केलं, खवल्याचा उत्सवच भरवला, पालखी काढली. गावानं पालखीत बसवलेलं जनावर गावातलाच माणूस पिंपात घालायला दहा वेळा विचार करेल. आपल्याकडं असं काही नाही. भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, खरं गावातल्या बाईला विचारलं तर अभयारण्य म्हणजे सरपण आणायला बंदी, एवढंच तिच्या वाट्याला आलंय.

मलप्रभाकाठ, तुमच्या काकींशी बोला. अशा घरात बाईला आधीच सगळं नको असतं, फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं.

मलप्रभाकाठ · रविवार, सकाळी ९:२०

रात्री दीडला १९२६ लावला, चिप्पु हंदी म्हटल्या म्हटल्या त्या माणसाला कळलं, गावाचं नाव विचारलं आणि तेवढ्यात रेंज गेली. टाकीवर उभं राहून हात वर करून बघितलं, नाही लागला. पाऊस मात्र बारीक आला.

सकाळी काकीकडं गेलो. ती चुलीपुढं बसलेली, मी बोलायच्या आधीच म्हणाली, रात्रभर ते खरवडतंय, मला डोळा लागला नाही, बाळंतिणीच्या खोलीतनं यावा तसा आवाज येतोय. मी म्हटलं दादाला सांग की स्वतःहून नेऊन देऊया, वकील पण तेच म्हणतोय. तिनं बोलावलं त्याला. अर्धा तास बोललो, तो ऐकत होता असं वाटलं, मग त्याचा फोन वाजला, पार्टीचा. उठून बाहेर गेला आणि आत आल्यावर म्हणाला उद्याचा दिवस काढू, मग बघू. पिल्लाचं विचारलं तर म्हणाला बिळात परत कोण बघत बसलंय.

मी निघालो तेवा काकी दारापर्यंत आली. तुला काय करायचं ते कर म्हणाली, खरं मला सांगू नको.

वॉचरकाका, तुम्हाला मेसेज केलाय, बघा.

जुना_वॉचर · रविवार, सकाळी ९:३५

बघितला. माझ्या जुन्या सोबत्याशी बोललो. तू आता वाफ्यात जा, भात गोळा कर, चार माणसांना दिसशील असा राहा. इथं पण काही लिहू नको.

खानापूरचा_पिंट्या · सोमवार, रात्री ९:०२

काय झालं मर्दा? दोन दिवस झाले, जीव टांगणीला लागलाय.

मलप्रभाकाठ · मंगळवार, दुपारी १:३०

लिहायचं नव्हतं खरं तुम्ही सगळ्यांनी रात्री जागून उत्तरं दिली, तेवा सांगतो.

रविवारी तीनच्या सुमारास जीप आली, चौघं होते. मी वाफ्यात पेंढ्या बांधत होतो, तिथनं गोठा दिसतो. खवल्या जिवंत मिळाला. ओल्या पोत्यात गुंडाळून लाकडी पेटीत घातला, डॉक्टरनं नख बघितलं, कोर्टाची परवानगी घेऊन काल रात्री सोडला असं वॉचरकाकांनी सांगितलं. कुठं सोडला ते मी विचारलं नाही. त्या बिळाकडं दोन गार्ड जाऊन आले, पिल्लू काही मिळालं नाही. होतंच की नव्हतं देव जाणे.

भाऊ आणि सोबतचा एकजण आत आहेत. तिसरा पळाला. पार्टीचा फोन त्या दिवसापासनं बंद. वकील जामिनाचं बघतोय, वकिलाचे पैसे मी देतोय, हे पण गावात कुणाला माहीत नाही.

खरं खरी गोष्ट पुढंच आहे. माझं नाव फुटलं नाही. फुटलं नाही म्हणून दुसऱ्याचं घेतलं. आमच्या वाडीच्या वर गवळी धनगरांची चार घरं आहेत, त्यातल्या एकाचं आणि भावाचं मागच्या वर्षी म्हशी भातात घुसल्या म्हणून भांडण झालेलं. सगळी भावकी म्हणायला लागली, गवळ्यानंच दिलं फॉरेस्टला, तो रानात असतो, त्यानं बघितलं असणार. काल सकाळी त्याच्या म्हशी कापलेल्या वाफ्यात आल्या तर दोघा पोरांनी दगड मारून हाकलल्या, दर वर्षी सुगी झाली की त्या तिथंच चरतात, कोण बोलत नाही. एका म्हशीच्या डोळ्यावर लागलंय. त्याच्या बायकोनं दूध घालायला खाली आणलं तर दोन घरांनी घेतलं नाही. तिला का ते माहीतच नाही. घागर घेऊन तशीच वर चालत गेली, मी बघत होतो.

आणि काकीला माहीत आहे. तिच्यासमोर वहिनी गवळ्याच्या नावानं बोटं मोडतेय आणि काकी गप्प तांदूळ निवडतेय. मी गेलो तरी माझ्याकडं बघत नाही.

आज सकाळी उठलो तर आमची ताडपत्री पडवीत घडी घालून ठेवलेली. कोण ठेवून गेलं, विचारलं तर आई म्हणाली तिला पण माहीत नाही.

उद्या रजा संपते.

सनदवाला_बेळगाव · मंगळवार, दुपारी २:१०

वकील म्हणून सांगायचं तर तू गप्प बसलास तरी तुझ्यावर काही येत नाही, आणि बोललास तर केसच्या दृष्टीनं फायदाही नाही. माणूस म्हणून विचारशील तर तो गवळी कोर्टात नाही, त्याला वकील नाही आणि जामीनही नाही. दगड मारणाऱ्यांबद्दल तो तक्रार देऊ शकतो, पण देईल असं वाटत नाही, त्याला तिथंच राहायचंय.

चोर्ला_घाट · मंगळवार, दुपारी २:४०

नाव सांगू नको रे. गाव आहे ते, पुढच्या पिढीपर्यंत धरून ठेवतील. आठ दिवसांत विसरतील गवळ्याचं.

जुना_वॉचर · मंगळवार, दुपारी ३:२०

विसरत नाहीत. आमच्या वेळी एका केसमध्ये असंच नाव एका धनगराचं घेतलं, दिलं दुसऱ्यानंच होतं. त्याची पोरं मोठी झाली तरी त्यांना "फॉरेस्टवाल्याची" म्हणायचे. देणारा माणूस माझ्यासमोर चहा प्यायचा, मी पण बोललो नाही, नोकरी होती. मला काय ते चांगलं वाटत नाही आजपण.

गावात सगळ्यांना सांगू नको. भाऊ सुटून आला की त्याला एकट्याला सांग, तूच सांग. चार दिवस मारायला उठेल. त्यानं एकदा गवळ्याचं नाव घ्यायचं सोडलं की बाकीचे सोडतात, त्यांना तसं काय पडलेलं नसतं. आणि आज जायच्या आधी वर जाऊन त्या म्हशीचं बघून ये, डॉक्टर लागत असेल तर घेऊन जा. कशाला आलास म्हणून विचारलं तर दूध घ्यायला आलो म्हण.

मिरची_भाकरी · मंगळवार, दुपारी ४:०५

भावाच्या डुकराच्या नुकसानीचा अर्ज घातलाय काय कुणी? तो आत आहे, वहिनीला सुचणार नाही. लोळवलेलं भात तसंच आहे तोवर फोटो काढून ठेव, चारी बाजूनं, उतारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घे. ई-परिहारवर भरता येतं, खरं गार्डनं येऊन बघायला लागतं आणि एकदा कापून साफ झालं की बघायला काही राहत नाही. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे असेल तर मला मेसेज कर, तीन हेलपाट्यांत माझं कन्नड सुधारलंय, दीडशे रुपये पण घेणार नाही.

मलप्रभाकाठ · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

फोटो काढले. वरच्या तीन वाफ्यांत अजून तसंच आहे, खालचं काकीनं कालच कापून घेतलं. पासबुक वहिनीनं दिलं, कशाला ते विचारलं नाही.

वर पण जाऊन आलो. म्हशीचा डोळा सुजलाय, फुटलेला नाही, उद्या जांबोटीहून डॉक्टर येतो म्हणालाय. दोन लिटर दूध घेऊन आलो. एवढं दूध कशाला म्हणून आई विचारत होती. रजा आणखी दोन दिवस वाढवलीय.